घरचा साधा कॅमेरा

फोटोसाठी मुलांच्या मोबाईलमागे किती धावायचे? म्हणून आम्ही एक जुना, साधा डिजिटल कॅमेरा घेतला. पेन्सिल सेलवर चालणारा. साधे सेल त्यात लगेच बसतात, चार्जिंगचेच घ्यावेत. झूम भिंगाचा पाहिला. डिजिटल झूम म्हणजे चित्र नुसते ताणणे. घरी येऊन ३२ जीबीचे कार्ड घातले, तर कॅमेरा ढिम्म! २००६ पूर्वीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना २ जीबीपर्यंतचेच चालते, हे तेव्हा कळले. मग दोन हंगाम मोळीपूजन, बेंदूर, सारे टिपले. फोटो उतरवून घेणे मात्र उद्यावर. कार्ड बिघडले आणि उसाच्या फडात उभ्या आईचा शेवटचा फोटो गेला. आता दर अमावास्येला कार्ड संगणकावर उतरवतो; माणसांचे फोटो कागदावरही काढून घेतो.