जाड पिनांचा प्लग

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याने नवा संगणक जुळवला आणि संध्याकाळी त्याची वायर हातात घेऊनच तो माझ्याकडे आला. "सर, हा प्लग कुठेच बसत नाही. कन्व्हर्टर आणू का?"

प्लग १६ अँपिअरचा होता, जाड पिनांचा. त्याच्या खोलीतली सॉकेटे ६ अँपिअरची. घरातले एकुलते सोळाचे सॉकेट फ्रिजने अडवलेले. (१९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच पुढे 'विप्रो' या नावाने संगणक बनवू लागली. पण घरांतली वायरिंग बहुधा दिवे-पंख्यांपुरतीच राहिली!)

संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीवर १००० वॉट असे छापले होते. म्हटले, आधी हिशेब कर. १००० वॉट ही पेटीची मर्यादा. नुसते टंकलेखन चालू असताना संगणक त्याच्या दशांशाच्या आसपासच शक्ती घेतो. पण पूर्ण भार पडला तर? पेटीची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर भिंतीतून ११११ वॉट घ्यावे लागतील. त्याला २३० व्होल्टने भागले की ४.८ अँपिअर. सहापेक्षा कमी! पोराचा चेहरा खुलला.

पण घरोघरी कूलर सुरू झाल्यावर दाब २३० राहतो का? तो उतरला की जुना पिवळा दिवा मिणमिणतो, कारण त्यातला प्रवाहही कमी होतो. संगणकाच्या पेटीचे नेमके उलटे आहे. आतल्या भागांना ठरलेली शक्ती द्यायचीच असल्याने दाब उतरताच ती अधिक प्रवाह ओढते. १८० व्होल्टला तोच भार ६.२ अँपिअर घेईल.

आता सॉकेटातली पत्ती ढिली आहे आणि तिथे ०.२ ओहम रोध आहे असे समजा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ६.२ × ६.२ × ०.२, म्हणजे सुमारे ७.७ वॉट. ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत एवढी उष्णता साठली तर प्लास्टिक वितळायला कितीसा वेळ? आणि एमसीबी पडणार नाही. तिला प्रवाह कळतो, तापलेली पिन कळत नाही.

कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. भिंतीतली तार त्याने जाड होत नाही, उलट ढिला होऊ शकणारा आणखी एक जोड वाढतो. शिवाय दिवे-पंख्यांच्या एका शाखेवर ८०० वॉटपेक्षा अधिक भार टाकू नये, असा आपल्याकडे रूढ नियम आहे.

तेव्हा वायरमनला बोलावून मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, जाड तांब्याची तार आणि १६ अँपिअरचे सॉकेट बसवायचे ठरले. तोवर त्याने एक तक्रार सांगितली: मित्राकडे जुळवाजुळव करताना संगणकाच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत. अर्थिंग नसेल तर पेटीतल्या गाळणीच्या संधारित्रांमुळे पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रवाह अगदी थोडा, पण टेस्टर लागतो.

दुसऱ्या दिवशी वायरमनने मुख्य स्विच बंद करून त्यांच्या घरचा बोर्ड उघडला. सॉकेटाच्या तिसऱ्या, मोठ्या भोकामागे तारच जोडलेली नव्हती.