तीव्र आंत्रपुच्छदाह : निदान, उपचार आणि अंतराचा प्रश्न

पोटावर तातडीने कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये आंत्रपुच्छ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया जगभर सर्वाधिक प्रमाणात केली जाते. सर्वसामान्यपणे ‘अपेंडिक्सचा त्रास’ म्हणून ओळखला जाणारा हा आजार कोणत्याही वयात होऊ शकत असला, तरी १० ते ३० वर्षे या वयोगटात तो अधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार दर शंभर व्यक्तींपैकी साधारणतः सात ते आठ जणांना आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो. वेळेवर उपचार मिळाल्यास तो पूर्णपणे बरा होतो. उशीर झाल्यास मात्र प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे या आजाराचा विचार केवळ वैद्यकशास्त्राचा विषय म्हणून करता येत नाही. एखाद्या प्रदेशातील आरोग्यव्यवस्था गरजू रुग्णापर्यंत किती लवकर पोहोचते, याचीही परीक्षा त्यातून होत असते.

आजाराचे स्वरूप

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते, तेथे मोठ्या आतड्याचा पिशवीसारखा आरंभीचा भाग असतो. त्यास अंधांत्र म्हणतात. या अंधांत्रापासून निघालेली, एका टोकास बंद असलेली अरुंद नळी म्हणजे आंत्रपुच्छ होय. त्याची लांबी सामान्यतः ८ ते १० सेंटिमीटर असते. विष्ठेचा कडक खडा, लसिकापेशींची सूज आणि क्वचित जंत किंवा गाठ यांमुळे या नळीचे तोंड बंद होते. आत स्राव साचत जातो, दाब वाढतो आणि जीवाणूंची झपाट्याने वाढ होते. वाढलेल्या दाबामुळे नळीच्या भिंतीचा रक्तपुरवठा खंडित होऊन भिंत सडू लागते व अखेरीस फुटते. अर्थात, प्रत्येक रुग्णात अडथळा आढळतोच असे नाही आणि प्रत्येक दाह फुटण्यापर्यंत जातोच असेही नाही.

इ.स. १७३५ मध्ये लंडन येथे क्लॉडियस अमियँड यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियावर शस्त्रक्रिया करताना त्यात सापडलेले आंत्रपुच्छ काढले. आंत्रपुच्छ काढल्याची ही पहिली ज्ञात नोंद आहे. तथापि, उजव्या कुशीतील घातक पू-संसर्गाचे मूळ आंत्रपुच्छात असते, हे १८८६ मध्ये बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी स्पष्टपणे मांडले आणि लवकर शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. १९०२ मध्ये ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक अवघ्या दोन दिवसांवर आला असताना याच आजारामुळे पुढे ढकलावा लागला व त्यांच्या पोटातील गळूचा निचरा करण्यात आला. या घटनेनंतर या शस्त्रक्रियेस व्यापक मान्यता मिळाली.

निदान कसे होते?

या आजाराच्या वेदनेला एक ठरावीक क्रम असतो. आरंभी बेंबीच्या आसपास मंद, नेमकी जागा न सांगता येणारी वेदना होते. आंत्रपुच्छाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या चेता मेरुरज्जूच्या ज्या पातळीवर पोहोचतात, तीच पातळी बेंबीलगतच्या त्वचेची असल्याने मेंदूला वेदना तेथे जाणवते. पुढे काही तासांनी दाह पोटाच्या आतील अस्तरापर्यंत पोहोचतो आणि वेदना उजव्या बाजूस खाली स्थिर होते. अन्नावरची वासना जाणे, मळमळ, एक-दोन उलट्या आणि सौम्य ताप ही सोबतची लक्षणे होत. बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचे पुढचे टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर, बेंबीपासून दोन-तृतीयांश अंतरावर दाबल्यास सर्वाधिक दुखते. चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वर्णिलेला हाच ‘मॅकबर्नी बिंदू’ होय.

लक्षणांचे मोजमाप करण्यासाठी १९८६ मध्ये मांडलेली अल्वाराडो गुणपद्धती आजही वापरली जाते. तिचे एकूण १० गुण पुढीलप्रमाणे आहेत :

• वेदना उजवीकडे सरकणे – १
• भूक न लागणे – १
• मळमळ किंवा उलटी – १
• उजव्या कुशीत दाबल्यावर दुखणे – २
• दाबलेला हात सोडताच दुखणे – १
• ताप – १
• रक्तातील पांढऱ्या पेशींत वाढ – २
• त्यांतील अपक्व पेशींचे प्रमाण वाढणे – १

चार किंवा त्याहून कमी गुण असल्यास आजाराची शक्यता कमी, पाच-सहा गुणांवर निरीक्षण व अधिक तपासणी, तर सात किंवा त्याहून अधिक गुणांवर आजाराची दाट शक्यता मानली जाते. या पद्धतीसाठी हाताने केलेली तपासणी आणि रक्ताची साधी चाचणी एवढेच पुरेसे असल्याने मर्यादित साधनांच्या रुग्णालयांत तिचे महत्त्व मोठे आहे.

सोनोग्राफी ही स्वस्त व किरणोत्साररहित असल्याने मुले व गर्भवती स्त्रियांमध्ये प्रथम पसंतीची ठरते. सीटी स्कॅन अधिक अचूक असते. परंतु ते सर्वत्र उपलब्ध नसते. मुतखडा, बीजांडकोशाचे विकार, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, विषमज्वर आणि आतड्याचा क्षयरोग यांची लक्षणे या आजाराशी मिळतीजुळती असतात. लहान मुलांना वेदना नेमकी सांगता येत नाही, वृद्धांमध्ये लक्षणे सौम्य असतात आणि गर्भारपणात आंत्रपुच्छ वर सरकू शकते. म्हणूनच या तिन्ही गटांत निदानास विलंब होण्याचा धोका अधिक असतो.

गुंतागुंत आणि विलंबाचे दोन प्रकार

आंत्रपुच्छ फुटल्यास पू व जीवाणू उदरपोकळीत पसरतात. शरीराने आजूबाजूच्या आतड्यांच्या साहाय्याने हा संसर्ग वेढून टाकला, तर गाठ किंवा गळू तयार होते. वेढता आला नाही, तर संपूर्ण उदरावरणाचा दाह होतो. पुढे संसर्ग रक्तात पसरून रक्तदाब घसरतो व अवयव निकामी होऊ लागतात. न फुटलेल्या आंत्रपुच्छदाहात मृत्यूचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी असते. फुटल्यानंतर ते पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. फुटण्याच्या क्षणी दाब उतरल्याने वेदना काही काळ कमी होते आणि रुग्ण बरा होत असल्याचा गैरसमज होतो, ही बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या ३६ तासांत फुटण्याचा धोका कमी असतो आणि त्यानंतर दर १२ तासांना तो सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो, असे एका बहुचर्चित अभ्यासात आढळले. याउलट, निदान झालेल्या गुंतागुंतरहित रुग्णाची शस्त्रक्रिया रुग्णालयात देखरेखीखाली २४ तासांपर्यंत लांबल्यास विशेष अपाय होत नाही, असे अलीकडील संशोधन सांगते. म्हणजेच खरा धोका रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या विलंबात आहे. पोटदुखीवर रेचक किंवा एनिमा देणे, निदानाविना वेदनाशामक घेऊन दिवस काढणे या गोष्टी हाच विलंब वाढवतात.

उपचार

आंत्रपुच्छ काढून टाकणे हा प्रमुख उपचार आजही कायम आहे. शिरेवाटे द्रव व प्रतिजैविके देऊन, रुग्णास भूल देऊन शस्त्रक्रिया केली जाते. पारंपरिक पद्धतीत उजव्या कुशीत छोटा छेद घेऊन स्नायू न कापता त्यांचे तंतू विलग केले जातात, आंत्रपुच्छाची रक्तवाहिनी बांधली जाते आणि मुळाशी गाठ मारून ते काढले जाते. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया १९८० मध्ये जर्मनीतील कुर्ट झेम यांनी प्रथम केली. या पद्धतीत जखमेचा संसर्ग व वेदना कमी होतात आणि रुग्ण लवकर कामावर परततो. मात्र त्यासाठी महाग उपकरणे व विशेष प्रशिक्षण लागते. गळू तयार झाले असल्यास अनेकदा सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने पू काढून, प्रतिजैविके देऊन प्रथम संसर्ग आटोक्यात आणला जातो.

केवळ प्रतिजैविकांवर उपचार शक्य आहे काय, याचाही कसून अभ्यास झाला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत प्रतिजैविके दिलेल्या गुंतागुंतरहित रुग्णांपैकी २७ टक्क्यांना एका वर्षात शस्त्रक्रिया करावी लागली. पाच वर्षांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ९० दिवसांतच २९ टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली. विष्ठेचा खडा असलेल्या रुग्णांत हे प्रमाण अधिक होते. हा पर्याय निवडक रुग्णांसाठी उपयुक्त असला, तरी सीटी स्कॅन, नियमित पाठपुरावा आणि गरज पडल्यास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय हे त्यामागील गृहीतक आहे. शल्यसेवेपासून दूर असलेल्या भागात तो शस्त्रक्रियेला सरसकट पर्याय ठरू शकत नाही.

अंतराचा प्रश्न

भारतातील २००१ ते २००३ या काळातील मृत्यूंचा आधार घेणारा एक अभ्यास २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पोटाच्या तातडीच्या विकारांमुळे २०१० मध्ये देशात सत्तर वर्षांखालील सुमारे ७२,००० व्यक्तींचा मृत्यू झाल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा जठर व आतड्याच्या व्रणांचा होता. मात्र या सर्वच विकारांना एकाच प्रकारची तातडीची शल्यसेवा लागते. नोंदवलेल्या मृत्यूंपैकी ७१ टक्के घरी आणि ८७ टक्के ग्रामीण भागात झाले. सुसज्ज जिल्हा रुग्णालयापासून ५० किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या वस्त्या अधिक मृत्युदराच्या गटात असण्याची शक्यता चौपटीहून अधिक आढळली. कर्करोगासारख्या, तातडीची शस्त्रक्रिया न लागणाऱ्या आजारांत अंतराचा असा संबंध दिसला नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले. त्याअंतर्गत २००७ मध्ये ठरवलेल्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत ३० खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात शल्यचिकित्सक असणे आणि तेथे आंत्रपुच्छदाहावर शस्त्रक्रिया होणे अपेक्षित आहे. ही मानके २०१२ व २०२२ मध्ये सुधारण्यात आली. परंतु ग्रामीण आरोग्य सांख्यिकी २०२१-२२ नुसार सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक संख्येच्या तुलनेत शल्यचिकित्सकांची कमतरता ८३ टक्क्यांहून अधिक होती. केवळ शल्यचिकित्सक नेमूनही भागत नाही. भूलतज्ज्ञ, रक्तसाठा, निर्जंतुकीकरणाची सोय आणि प्रशिक्षित परिचारिका यांच्याविना शस्त्रक्रियागृह बंदच राहते.

या दिशेने काही पावले पडली आहेत. २००५ मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा पुढे अनेक राज्यांत पोहोचली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास रुग्णालयीन उपचारांसाठी वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात सेवा देणे २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक करण्यात आले. विम्यामुळे खर्चाचा अडसर दूर होतो. परंतु जवळ शल्यसेवाच नसेल, तर विमापत्र हाती असूनही रुग्णास वेळेत उपचार मिळत नाहीत.

आंत्रपुच्छदाहाचे निदान रुग्णास तपासून आणि साध्या रक्तचाचणीवरून बहुतांशी करता येते आणि त्यावरील शस्त्रक्रिया शंभर वर्षांहून अधिक काळ सिद्ध झालेली आहे. ज्ञानाची उणीव येथे नाही. लक्षणांची ओळख गावपातळीवर व्हावी, रुग्णास वाहन वेळेत मिळावे आणि तालुका-जिल्हा पातळीवरील शस्त्रक्रियागृह रात्रीही सुरू असावे, या तीन गोष्टी साधल्या तर या आजाराने होणारे बहुतेक मृत्यू टाळता येतील. ज्या व्यवस्थेत आंत्रपुच्छाचा रुग्ण वेळेत बरा होतो, तीच व्यवस्था अडलेल्या बाळंतिणीस आणि अपघातग्रस्तासही वाचवू शकते.