फी शंभर रुपये, खर्च कढईत

एकच कायदा

पूर्वी भेसळीसाठी १९५४चा कायदा, लोणची-मुरंब्यांसाठी १९५५चा आदेश, दुधासाठी आणखी तिसरा असा कारभार होता. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यानं हे सगळं एका छत्राखाली आणलं आणि २०११ साली त्याचे नियम लागू झाले. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधी नोंदणी पुरे, फी वर्षाला १०० रुपये, असं त्या नियमांनी ठरवलं. त्यामुळे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकू, पोळीभाजी केंद्र, वडापावची गाडी हे सगळेच कायद्याच्या नजरेत ‘खाद्यव्यावसायिक’ झाले. फी ऐकून कुणी कुरकुरणार नाही. पैसा जातो तो दुसरीकडेच.

तळणाचं तेल

तेल पुन्हापुन्हा तापलं की त्याचं विघटन होतं. ते काळपट, दाट होतं, फेसाळतं, लवकर धुरावतं. हे विघटन मोजायचं माप म्हणजे ‘टोटल पोलर कंपाउंड्स’. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८पासून आहे. फरसाणवाल्यांची जुनी रीत मात्र अशी, की कढईत उरलेल्या तेलात नवं ओतायचं आणि दुसरा घाणा काढायचा. तेल हाच धंद्यातला मोठा खर्च, त्यामुळे ते कधी टाकायचं यावर शेवेचा भाव ठरतो. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणाला लागत असेल तर त्याची नोंदवही ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकाला द्यावं लागतं. त्याचं पुढे बायोडिझेल होतं. मोठा कारखाना पोलर कंपाउंड्स मोजायला मीटर घेतो, माणूस नेमतो. गाडीवाला तेलाच्या रंगावर आणि वासावर अंदाज बांधतो. २५ टक्क्यांचा नियम दोघांना एकच, पण पाळायची साधनं एका बाजूलाच आहेत.

ट्रेवरची पाटी

सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ याची तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२०पासून सक्तीचं झालं. दुकानदार वैतागले, पण माझ्या मते हा उत्तम नियम आहे. कलाकंद किती करायचा याचा हिशेब सकाळीच नेमका करावा लागतो, कारण कालचा माल आज खपवायची सोय उरत नाही. पाकीटबंद मालाचं काम याहून किचकट. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, निव्वळ वजन, शाकाहाराचा हिरवा ठिपका, चौदा आकडी परवाना क्रमांक, शिवाय वजनमापाच्या नियमांप्रमाणे कमाल किंमत. चकलीच्या भाजणीत एक डाळ बदलली, की छापून ठेवलेली हजार पाकिटं रद्दीत! तरी त्या चौदा आकड्यांचा फायदाही आहे. ते असल्याशिवाय ना मॉल माल घेतो, ना घरपोच जेवण देणारं अ‍ॅप.

मॅगीचा धडा

जून २०१५मध्ये शिसं जास्त सापडल्याच्या कारणावरून मॅगी देशभर बाजारातून काढायला लावली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. मॅगी बनवणाऱ्या नेस्ले कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या, असं न्यायालयानं म्हटलं. तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परतली. नियम करणाऱ्यालाही नियम असतात, हे यातून दिसलं खरं. पण तेवढे महिने तग धरायला नेस्लेएवढा खिसा लागतो. गल्लीतलं दुकान पंधरवड्यात बसेल.

सॅम्पल काढलं तर

‘एफडीएवाले’, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी, ‘सॅम्पल घेऊन गेले’ म्हटलं की दुकानदार हबकतो आणि समोर येईल त्या कागदावर सही करतो. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी दुकानदार करू शकतो. ती तिथल्या तिथे, लेखी केलेली बरी. दोन अहवाल जुळले नाहीत, तर राखून ठेवलेला एक भाग निर्देश प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निकाल अंतिम ठरतो. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल, तर तो हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.