ऐकतो, पण बोलत नाही

निपाणीहून बेळगावला हायवेने जायचं तर साधारण 75 किलोमीटर. तेवढ्याच प्रवासाला 7 मेगाहर्ट्झवर बोललेला शब्द सुमारे 600 किलोमीटर कापतो. गच्चीवरच्या तारेतून निघून तो जवळजवळ सरळ वर जातो, 250-300 किलोमीटर उंचीवरच्या आयनांबराच्या एफ थरावरून परततो आणि बेळगावात उतरतो. या सगळ्याला एका सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो. वाटेत टॉवर नाही, केबल नाही, उपग्रहही नाही. 2019 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये निपाणीजवळ यमगर्णीपाशी वेदगंगेचं पाणी याच हायवेवर आलं, तेव्हा वाहतूक थांबली. आकाशातल्या या वाटेला पुराचं भय नाही.

त्यासाठी उंच मनोराही लागत नाही. 7.1 मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीची तार म्हणजे 20 मीटर, मधोमध तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. ती सहा-सात मीटर उंचीवर, म्हणजे दुमजली घराची गच्ची आणि परसातलं नारळाचं झाड यांच्यामध्ये बांधली, तरी जवळच्या गावांशी बोलायला उत्तम. तार बुटकी असली की लहरी आडव्या न जाता वरच फेकल्या जातात आणि इथे हवं असतं तेच. सूर्य मावळला की मात्र वरच्या थरातलं आयनीभवन ओसरू लागतं, सरळ वर गेलेल्या लहरी त्यातून आरपार निसटतात आणि शेजारचं बेळगाव ऐकू येईनासं होतं. त्याच वेळी तिरक्या येणाऱ्या दिल्ली-कोलकात्याच्या लहरी स्वच्छ परावर्तित होतात. नवख्याला वाटतं सेट बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं.

हौशी रेडिओवाल्यांचा हा ‘चाळीस मीटर बँड’. त्याला आपल्याकडे एक जुनी पार्श्वभूमी आहे. 1942 च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत चालवलेल्या काँग्रेस रेडिओची तरंगलांबी 42.34 मीटर होती. गणित केलं तर ती 7.08 मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे आजच्या हौशी पट्ट्याच्या अगदी पोटात. त्याचा प्रक्षेपक नरिमन प्रिंटर यांनी जुळवला होता. आणि बेळगावकरांना तर दूर जायलाच नको. खानापूर, लोंढा ओलांडून पुढे गेलं की कॅसल रॉक. गोवामुक्तीच्या लढ्यात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 25 नोव्हेंबर 1955 पासून चालवलेलं गुप्त रेडिओ केंद्र आधी आंबोलीच्या जंगलात होतं, मग ते याच कॅसल रॉकच्या रानात हलवलं. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत ते बोलत राहिलं. जंगलात, पावसात, दुरुस्तीचं दुकान जवळ नसताना एक प्रक्षेपक सहा वर्षं चालता ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी स्वतःचा सेट जोडला आहे त्यालाच नीट उमजेल.

असा सेट आज घरी जोडता येतो. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘बिटएक्स’ नावाचा एक आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्याचं मोठेपण चमकदार कल्पनेपेक्षा व्यवहारात आहे. परदेशी मासिकांतले आराखडे हाती घ्यावेत तर निम्मे भाग इथे मिळत नसत. फरहान यांनी उलटा विचार केला: बाजारात जे मिळतं त्यातूनच सेट बनवायचा. रोजच्या वापरातले ट्रान्झिस्टर, टीव्हीच्या अँटेनाच्या बॅलनमधला फेराइट, कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा वॉशर, आणि शेवटच्या टप्प्याला आयआरएफ 510, जो मुळात स्विचिंगसाठी बनवलेला मॉस्फेट आहे. पुढे 2016 च्या अखेरीस 40 मीटरचा बिटएक्स-40 तयार बोर्डाच्या रूपात आला आणि वर्षभराने अनेक बँडचा मायक्रो-बिटएक्स. प्रक्षेपणासाठी परवाना मात्र आधी हवा. दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची परीक्षा उत्तीर्ण झालं की व्हीयू 2 किंवा व्हीयू 3 ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन मिळतं. तोवर ऐकावं. ऐकण्यानेच अर्धी विद्या येते.

आता पोटात काय चालतं ते. आवाज पाठवायला फार तर अडीच किलोहर्ट्झ रुंदीची पट्टी पुरते. 7 मेगाहर्ट्झवर एवढी अरुंद पट्टी कापून काढणं आणि वर ती फिरवता येणं अवघड. म्हणून आलेला संकेत आधी एका ठरलेल्या वारंवारतेवर आणतात. बिटएक्स-40 मध्ये ती 12 मेगाहर्ट्झ आहे. आतला आंदोलक 4.8 ते 5 मेगाहर्ट्झ फिरवला की 12 मधून तो वजा होऊन 7.2 ते 7 मिळतात. 12 मेगाहर्ट्झवर चाळणीचं काम क्वार्ट्झचे स्फटिक करतात. डिजिटल सर्किटांत घड्याळ म्हणून वापरले जाणारे, म्हणून स्वस्त. सुटे भाग घेऊन जोडणार असाल तर एकाच पुडीतले डझनभर घ्यावेत, एकेक आंदोलकात लावून मोजावेत आणि जवळजवळ सारखे निघतील तेवढेच चाळणीत घालावेत. 12 मेगाहर्ट्झमधून अडीच किलोहर्ट्झ वेगळं काढणं म्हणजे जवळपास पाच हजारांत एक भाग. इतकं बारीक काम काही रुपयांचा दगड करतो, याचं मला अजून नवल वाटतं.

बिटएक्सची खरी गंमत यापुढे आहे. हा मार्ग दोन्ही दिशांनी चालतो. जुन्या अरुंद दगडी पुलावर एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात, तसं. ऐकताना संकेत अँटेनाकडून स्पीकरकडे जातो, बोलताना माइककडून अँटेनाकडे. वारंवारता बदलणारे मधले मिक्सर, चाळणी आणि दोन्ही आंदोलक (एक वर सांगितलेला फिरता, दुसरा 12 मेगाहर्ट्झवरचा स्थिर) तेच. फक्त प्रवर्धकांत प्रत्येक दिशेचा ट्रान्झिस्टर वेगळा असतो आणि बोलण्याचं बटण दाबलं की 12 व्होल्ट एका गटाकडून काढून दुसऱ्याला दिले जातात.

यामुळे भाग वाचतात हे खरं, पण माझ्या मते त्याहून मोठा फायदा बिघाड शोधताना होतो. समजा सेट ऐकतो, पण बोलत नाही. ही सगळ्यात नेहमीची तक्रार. तो ऐकतो आहे, याचा अर्थ आंदोलक चालू आहेत, स्फटिकांची चाळणी ठीक आहे, मिक्सर ठीक आहेत, अँटेनाही ठीक आहे. एका लक्षणाने अर्ध्याहून जास्त बोर्ड निर्दोष सुटला. उरलं ते थोडं: बटण दाबल्यावर प्रक्षेपणाच्या ओळीवर 12 व्होल्ट येतात का, त्या दिशेचे ट्रान्झिस्टर, माइक, ड्रायव्हर आणि शेवटचा मॉस्फेट. मल्टिमीटर आधी त्या ओळीवर लावावा. रिले ‘टक’ वाजतो म्हणून व्होल्टेज पोचलंच असं मानू नये. मग माइक. छोट्या डबीसारखा दिसणारा इलेक्ट्रेट माइक उलटा जोडला तर गप्प बसतो. ज्या टोकाची पट्टी त्याच्या धातूच्या कवचाला टेकलेली दिसते ते टोक अर्थला जातं.

तरीही मुकाच असेल तर संकेताचा माग काढायचा. एक जर्मेनियम डायोड, एक छोटा कपॅसिटर आणि मल्टिमीटर यांचा प्रोब पुरतो. माइकसमोर एकसारखी शीळ घालावी. बोलताना पातळी सतत हलते, शिळेत स्थिर राहते. प्रोब टप्प्याटप्प्याने पुढे सरकवावा. आकडा वाढत वाढत जिथे अचानक पडतो, तिथेच दोष. या सगळ्या वेळी अँटेना काढून कृत्रिम भार लावलेला असावा. एक किलोओमचे, दोन वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की 50 ओम होतात. त्यावर शिखर व्होल्टेज 26.5 भरलं, तर वर्ग करून 100 ने भागा: सात वॉट. सेट पूर्ण ताकदीने चालू आहे.

मॉस्फेटशी मात्र जपून. त्याची पाठीची धातूची पट्टी आतून ड्रेनला जोडलेली असते, म्हणजे पुरवठ्याचे सगळे व्होल्ट तिच्यावर. अभ्रकाचा वॉशर न लावता ती पेटीला कसली की शॉर्ट. त्याचा स्थिर प्रवाह ठरवणारा प्रीसेट आधी सगळ्यात खाली आणावा, पुरवठ्यात अँपिअरमीटर घालावा आणि आवाज न करता बटण दाबून हळूहळू 100 मिलीअँपिअरपर्यंत न्यावा. घाई केली तर मॉस्फेट गेला. आणि पहिल्या दिवशीच फ्यूज घाला. बॅटरीच्या तारा उलट्या लागणं ही कोणाच्याही हातून होणारी गोष्ट आहे.

सेट ऐकतही नाही आणि बोलतही नाही, तेव्हा संशय आंदोलकांवर. त्यासाठी महागडं यंत्र नको, घरातला जुना शॉर्टवेव्ह रेडिओ शेजारी ठेवा. 4.9 मेगाहर्ट्झच्या आसपास काटा फिरवताना एका जागी खरखर एकदम दबली, तर आंदोलक जिवंत आहे. आवाज येतो पण घोगरा किंवा चिरका, तर दुसऱ्या, 12 मेगाहर्ट्झवरच्या आंदोलकाची वारंवारता चाळणीच्या काठावर नीट बसलेली नाही.

सुटे भाग जोडून बनवणाऱ्यांचे सर्वांत जास्त दोष कॉइलमध्ये निघतात. कड्याच्या आतून तार एकदा आरपार गेली की तो एक फेरा. बाहेरून मोजणारा एक चुकतोच. इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून 16 ऐवजी 17 फेरे झाले तर फरक सहा नव्हे, तेरा टक्के पडतो आणि फिल्टर भलतीकडे जातो. दुसरा दोष इनॅमलचा. तारेवरचं लाखेसारखं आवरण खरवडल्याशिवाय सोल्डर वरवर चकाकतं, आत जोड नसतोच. सीमाभागात या विद्येचे गुरू प्रत्येक बाजारपेठेत बसलेले आहेत. शेतीपंपाच्या मोटारी भरून देणारे. 28 गेजची तार तिथे वजनावर मिळते आणि ती ब्लेडने कशी सोलायची हे फुकट शिकायला मिळतं. बिटएक्सच्या तयार बोर्डांवरच्या कॉइलसुद्धा हातानेच गुंडाळल्या जात. ते काम महिलांच्या एका गटाकडे होतं.

कृत्रिम भारावर सगळं ठीक आणि खरी अँटेना लावताच आवाज फाटतो, असंही होतं. प्रक्षेपित ऊर्जा केबलच्या बाहेरच्या जाळीवरून घरात परतून माइकमध्ये शिरते. अँटेनाच्या मुळाशी केबलचे आठ-दहा वेढे फेराइटच्या कड्यातून घेतले की बहुधा थांबते. ऐकताना सतत गुरगुर येत असेल तर घरातले एलईडी दिवे आणि चार्जर एकेक बंद करून पाहावेत. सेट मोटारसायकलच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे वीज गेल्यावर बँड किती स्वच्छ आहे ते कळतं. एप्रिल-मेच्या वळिवात मात्र इलाज नाही. पन्नास कोसांवरची वीजही कडाडते. ढग गावावर आले की अँटेना सेटपासून काढून ठेवावी.

सेट चालू लागल्यावर बहुतेक जण झाकण लावून बोलायला बसतात. त्याआधी एक तास द्यावा: प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरचे व्होल्टेज ऐकताना एकदा आणि बोलताना एकदा मोजून कागदावर लिहावेत आणि तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. छापील आराखड्यातले आकडे दुसऱ्याच्या सेटचे असतात. पुढच्या बिघाडाला ताडून पाहायला आपल्या सेटचे हवेत.