थेट हाती पैसा : रोख मदतीच्या कारभाराविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोख मदत म्हणजे गरजू कुटुंबाला धान्य, ब्लँकेट किंवा शिलाई मशीन न देता थेट पैसे देणे. हे काम सरकारे योजनांमधून करतात आणि काही आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्था देणग्यांमधून. अशा संस्थांपैकी गिव्हडायरेक्टली ही अमेरिकी संस्था सर्वांत परिचित आहे. हार्वर्ड आणि एमआयटीत शिकणाऱ्या तरुणांनी ती सुरू केली आणि २०११ पासून केनियात तिचे काम उभे राहिले. अशी संस्था ज्या देशात काम करते तिथे तिचे एक कार्यालय असते आणि त्याचा कारभार कंट्री डायरेक्टर पाहतो. यादी करणे, पैसे पोचवणे, ते पोचले का हे तपासणे, तक्रारी सोडवणे आणि हिशेब देणे ही या कार्यालयाची मुख्य कामे.

महाराष्ट्राला हा कारभार अनोळखी नाही. ‘निराधारचे पैसे’, पीएम-किसानचा हप्ता आणि २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये घरोघरी चर्चेत असतात. त्या चर्चेतले बरेचसे समज मात्र तपासून पाहण्यासारखे आहेत.

गैरसमज १ : परदेशी संस्थेने ठरवले की ती भारतात कुणालाही पैसे देऊ शकते.

वस्तुस्थिती : भारतात परदेशी देणगी स्वीकारणे आणि खर्च करणे विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० या कायद्याखाली येते. हा कायदा ‘एफसीआरए’ या नावाने ओळखला जातो. संस्थेला केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणी पाच वर्षांची असते, त्यानंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. २०२० च्या दुरुस्तीने नियम आणखी कडक झाले. परदेशी निधी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावा लागतो. एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

यातली दुसरी अट रोख मदतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. अनेक देशांत मोठी संस्था पैसा आणते आणि गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना वाटून देते. भारतात ज्या संस्थेने निधी स्वीकारला तिलाच तो आपल्या यंत्रणेतून खर्च करावा लागतो. मेळघाटातील किंवा गडचिरोलीतील अनुभवी स्थानिक संस्थेला परदेशी निधी हवा असेल, तर तिची स्वतःची नोंदणी असावी लागते. त्यामुळे इथल्या कार्यालयप्रमुखाला कायद्याची चौकट पहिल्या दिवसापासून पाठ असावी लागते.

गैरसमज २ : गरीब कोण हे डोळ्यांना दिसते, यादी करणे सोपे आहे.

वस्तुस्थिती : या कारभारातले सर्वांत अवघड काम हेच. केनियात गिव्हडायरेक्टलीने सुरुवातीला घराच्या छपरावरून निवड केली. गवताचे छप्पर असलेले घर पात्र, पत्र्याचे अपात्र. नियम समजायला सोपा होता; पण त्यात वगळले गेलेले शेजारी नाराज झाले आणि पात्र ठरण्यासाठी खटपटीही झाल्या. पुढे काही ठिकाणी संस्थेने गावातल्या सगळ्याच घरांना पैसे देण्याचा मार्ग धरला.

नागपूरच्या दक्षिण टोकाला असलेल्या बेसासारख्या ठिकाणी छपराचा निकष टिकणारच नाही. शेते जाऊन लेआउट पडले आणि लेआउटवर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी बांधकामावरचे मजूर कुटुंब अर्धवट झालेल्या पक्क्या इमारतीच्या स्लॅबखालीच झोपते. छप्पर पाहिले तर ते कुटुंब सुस्थितीत दिसेल. शिधापत्रिका पाहिली तर ती छत्तीसगडमधील किंवा बालाघाटमधील गावची निघेल आणि इथल्या यादीत नाव येणार नाही. परिसराचे सरासरी उत्पन्न पाहिले तर सगळा भागच खातापिता ठरेल. एकाच रस्त्यावर गाववस्तीतले जुने घर, नव्या फ्लॅटमधील नोकरदार आणि मजुरांची झोपडी असेल, तर घरोघरी जाऊन विचारण्याला पर्याय नसतो.

यादीत चुका दोन्ही बाजूंनी होतात : गरजू सुटतात आणि अपात्र शिरतात. लाडकी बहीण योजनेत पडताळणीनंतर सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे आढळले आणि त्यांचा लाभ स्थगित करण्यात आला, असे राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. अपात्र नावे नंतरच्या पडताळणीत सापडू शकतात. सुटलेला गरजू मात्र कोणत्याच नोंदीत नसतो. त्याला शोधायला कार्यालयाला मुद्दाम माणसे पाठवावी लागतात.

गैरसमज ३ : खात्यात पैसे टाकले की काम झाले.

वस्तुस्थिती : खात्यात जमा होणे आणि हाती पडणे यांत बरेच अंतर असते. भारतात आधार-आधारित हस्तांतरण ज्या बँक खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडले गेले त्या खात्यात जाते. ते खाते कोणते हे अनेकांना ठाऊक नसते. पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात पडून राहतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले तेव्हा काही बँकांनी किमान शिल्लक नसल्याच्या दंडापोटी रक्कम कापल्याच्या तक्रारी आल्या आणि बँकांना तसे न करण्याची सूचना द्यावी लागली. बँक मित्राकडे गेल्यावर अंगठा उमटत नाही ही शेतमजुरांची आणि बांधकाम मजुरांची नेहमीची अडचण, कारण कष्टाच्या कामाने बोटांवरच्या रेषा झिजतात.

केनियात २००७ पासून एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा आहे. तिथेही गावातल्या एजंटकडे पुरेशी रोकड आहे का, हे वाटपाच्या दिवसाआधी पाहावे लागते. म्हणून चांगले कार्यालय ‘किती रक्कम पाठवली’ एवढ्यावर थांबत नाही. किती जणांनी ती प्रत्यक्ष काढली, किती व्यवहार परत आले आणि ते का परत आले, याचा ते पाठपुरावा करते.

गैरसमज ४ : गरिबाला पैसे दिले की ते दारूत जातात.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत जुना आहे आणि संशोधनाने तो सर्वांत ठामपणे खोडला आहे. जागतिक बँकेचे डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना दिसले नाही. काही ठिकाणी तो कमीच झाला होता. केनियात योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी केलेल्या अभ्यासातही अशा खर्चात वाढ आढळली नाही. वाढ दिसली ती अन्नावरच्या खर्चात आणि जनावरांसारख्या मालमत्तेत.

एखाद्या घरात पैसे दारूत जातातच. पण एका घराचे उदाहरण सगळ्या गावाला लावून मदत रोखली, तर त्याची शिक्षा मुलांच्या ताटाला होते.

गैरसमज ५ : फुकट पैसा माणसाला आळशी करतो.

वस्तुस्थिती : अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतील सात सरकारी रोख योजनांची माहिती तपासली. पैसे मिळाल्याने लोकांनी काम सोडल्याचा पद्धतशीर पुरावा त्यांना मिळाला नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात २०११ ते २०१३ या काळात ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने इंदूर परिसरातील काही गावांत बिनशर्त रोख रकमेचा प्रयोग केला. प्रत्येक प्रौढाला सुरुवातीला दरमहा २०० रुपये आणि प्रत्येक मुलाला १०० रुपये मिळत. वर्षभराने ही रक्कम ३०० आणि १५० झाली. सुमारे ६,००० लोक त्यात होते. अनेक कुटुंबांनी हा पैसा बी-बियाणे, खत आणि जनावरे यांत घातला. काहींची दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी कमी होऊन स्वतःच्या शेतातले काम वाढले. मजुरी कमी झाली एवढेच पाहणाऱ्याला तो आळस वाटेल. प्रत्यक्षात ते कष्टाचे फळ स्वतःकडे ठेवणे होते.

गैरसमज ६ : गावात पैसा ओतला की भाव भडकतात.

वस्तुस्थिती : ते बाजारावर अवलंबून असते. केनियाच्या सियाया परगण्यात ६५३ गावांमध्ये दहा हजारांवर कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर दिले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भाववाढ सरासरी ०.१ टक्क्याच्या आसपास राहिली आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवहार सुमारे अडीच डॉलरने वाढला. ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांचेही उत्पन्न सुधारले.

महाराष्ट्राचा अनुभव याहून जुना आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात सरकारने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढून रोख मजुरी दिली. मे १९७३ मध्ये या कामांवरच्या मजुरांची संख्या जवळपास ५० लाखांपर्यंत गेली होती. ती बिनशर्त मदत नव्हती; खडी फोडून, माती उपसून मिळवलेली मजुरी होती. पण अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली : मजुरांच्या हाती पैसा आल्याने व्यापारी धान्य दुष्काळी भागांकडे वळले. रेशनवरचा मिलो (आयात ज्वारी) आणि कामावर मिळणारी सुकडी (पौष्टिक खाऊ) यांची जोड होतीच. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे आधी करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना याच अनुभवानंतर १९७७ च्या कायद्यात उतरली.

दुर्गम भागात चित्र वेगळे असू शकते. फिलिपिन्सच्या काही आडगावांत बहुसंख्य घरांना रोख रक्कम मिळू लागल्यावर अंड्यांसारख्या नाशवंत पौष्टिक पदार्थांचे भाव वाढले आणि योजनेबाहेरच्या मुलांच्या पोषणाला त्याची झळ बसली. आठवडी बाजारावर विसंबलेल्या भामरागडसारख्या भागात पैसे देण्याआधी बाजार किती माल आणू शकतो याची पाहणी अत्यावश्यक ठरते.

गैरसमज ७ : पैसा हा वस्तूपेक्षा केव्हाही चांगला.

वस्तुस्थिती : रोख मदतीच्या काही समर्थकांचा हा गैरसमज आहे. मराठवाडा आणि अमरावती विभागांतील सर्व जिल्हे आणि नागपूरला लागून असलेला वर्धा अशा १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना दरमाणशी ५ किलो धान्य २ रुपये आणि ३ रुपये किलो दराने मिळत असे. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी दरमाणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरले. पुढे ते १७० झाले. १५० रुपयांचा हिशेब किलोमागे ३० रुपये पडतो. दुकानात धान्याचा भाव त्याहून वर गेला, तर कुटुंबाच्या वाट्याला पूर्वीइतके धान्य येत नाही. धान्याचे किलो महागाईने घटत नाहीत, रुपयाची खरेदीशक्ती घटते. म्हणून रक्कम भावाशी जोडणे आणि वेळोवेळी वाढवणे हा रोख मदतीच्या आखणीचाच भाग आहे.

गैरसमज ८ : मोबाइलवरून पैसे गेले की गैरव्यवहाराला जागाच उरत नाही.

वस्तुस्थिती : मधले दलाल कमी होतात, पण धोका नाहीसा होत नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या दक्षिण किवू प्रांतात गिव्हडायरेक्टलीच्या कार्यक्रमातून सुमारे ९ लाख डॉलर लंपास झाले. ते मुख्यतः २०२२ मध्ये. काही कर्मचाऱ्यांनी बाहेरच्यांशी संगनमत करून लाभार्थ्यांच्या नावच्या सिमकार्डांवर ताबा मिळवला होता. संस्थेने २०२३ मध्ये हे स्वतः जाहीर केले.

त्यातून निघणारा धडा कार्यालयाच्या रचनेचा आहे. नाव नोंदवणारा, सिम किंवा खाते जोडणारा, पैसे सोडणारा आणि नंतर फोन करून विचारणारा ही चार वेगळी माणसे हवीत. तपासणाऱ्याने क्षेत्रीय प्रमुखाला नव्हे तर वेगळ्या वरिष्ठाला उत्तर द्यावे. तक्रारीचा क्रमांक लाभार्थ्याच्या भाषेत चालावा. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या बाईला मराठीत तक्रार नोंदवावी लागली, तर ती नोंदवली जाणार नाही. गोळा केलेले आधार, फोन आणि खात्याचे तपशील सांभाळणे ही वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानंतर भारतात कायदेशीर जबाबदारीही आहे.

गैरसमज ९ : प्रशासकीय खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, आणि प्रमुखाचे काम सह्यांपुरते.

वस्तुस्थिती : एफसीआरएमध्ये २०२० पासून परदेशी निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. उधळपट्टीला आळा हवाच. पण घरोघरची पाहणी, फेरतपासणी, तक्रार केंद्र आणि लेखापरीक्षण यांवरचा खर्च कापला, तर वाचलेला पैसा चुकीच्या हाती जाण्याची शक्यता वाढते. देणाऱ्याने विचारायचा प्रश्न म्हणजे शंभरातले किती रुपये योग्य घरात पोचले, आणि हे संस्थेला कसे कळले.

या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी कार्यालयप्रमुखाची. जिल्हा प्रशासनाशी समन्वय, बँकांशी करार, कर्मचाऱ्यांची निवड आणि सुरक्षितता, निधी वेळेवर येईल याची तजवीज ही त्याची नेहमीची कामे. शंका आली की वाटप थांबवण्याचा आणि चौकशीनंतर खऱ्या लाभार्थ्यांचे अडकलेले पैसे लवकरात लवकर सोडण्याचा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो. वाटप थांबवायला उशीर झाला तर चोरी वाढते. सुरू करायला उशीर झाला तर ज्या घरांनी त्या पैशावर पेरणीचा किंवा औषधाचा बेत केला होता त्यांचे नुकसान होते. दोन्ही बाजूंची किंमत मोजून निर्णय घेणे, आणि तो लाभार्थ्यांना समजेल अशा शब्दांत वेळेवर सांगणे, हे या पदाचे खरे काम आहे.