संबंध आणि फलन यांतील भेद : प्रांत व व्याप्तीचा विचार

प्रस्तावना :
प्रत्येक फलन हा संबंध असतो, परंतु प्रत्येक संबंध फलन नसतो, हे विधान पदवी वर्गातील विद्यार्थी सहज पाठ करतात. अडचण येते ती दिलेला संबंध तपासताना. प्रांत (डोमेन) व व्याप्ती (रेंज) लिहून झाली की तपासणी संपली, असा समज अनेकदा दिसून येतो. तो कोठे अपुरा पडतो, हे पारशिवनी तालुक्यातून वाहणाऱ्या पेंच नदीच्या आधारे पाहता येते.

नद्यांचा संबंध :
पेंच, कोलार, कन्हान व वैनगंगा या चार नद्यांचा संच 'न' मानू. 'क्ष नदी य नदीस थेट मिळते' या संबंधात (पेंच, कन्हान), (कोलार, कन्हान) आणि (कन्हान, वैनगंगा) या तीन क्रमित जोड्या येतात. जोड्यांतील पहिल्या घटकांचा संच म्हणजे प्रांत : पेंच, कोलार, कन्हान. दुसऱ्या घटकांचा संच म्हणजे व्याप्ती : कन्हान, वैनगंगा. प्रांतातील प्रत्येक नदीस एकच प्रतिमा असल्याने हे प्रांतावरील फलन होय. पेंच व कोलार या दोहोंची प्रतिमा एकच आहे, याने बाधा येत नाही. विद्यार्थी नेमके येथेच अडखळतात.

आता 'क्ष नदीचे पाणी य नदीत पोहोचते' असा संबंध घेऊ. वरील तीन जोड्यांत (पेंच, वैनगंगा) व (कोलार, वैनगंगा) या दोन जोड्यांची भर पडते. प्रांत तोच, व्याप्तीही तीच. तरीही हा संबंध फलन नाही, कारण पेंचला दोन प्रतिमा मिळतात. म्हणजेच केवळ प्रांत व व्याप्तीची यादी निर्णय देत नाही; प्रांतातील एकेक घटक घेऊन त्याच्या प्रतिमा मोजाव्या लागतात. जर्मन गणितज्ञ डिरिक्ले याने १८३७ मध्ये सूत्राचा आग्रह सोडून एका किमतीस एकच किंमत या अटीवर भर दिला, तो याच अर्थाने.

प्रांताचा प्रश्न मात्र गौण नाही. पहिला संबंध 'न' पासून 'न' कडे जाणारे फलन आहे काय? नाही. वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता होते व ते पाणी गोदावरीस जाते. परंतु या नद्या 'न' मध्ये नाहीत, म्हणून वैनगंगेस प्रतिमाच उरत नाही. संच प्रांतापुरता मर्यादित केला की दोष दूर होतो.

बीजगणितात हाच विचार व्याप्तीच्या बाजूने करावा लागतो. क्ष = य² या संबंधात क्ष = ४ असता य = २ व य = −२ अशा दोन किमती येतात. य ऋण नसावा अशी अट घातल्यास तोच संबंध क्षचे फलन ठरतो. वर्गमूळाच्या चिन्हाने केवळ ऋणेतर मूळ दर्शविण्याचा संकेत याच अटीशी निगडित आहे.