खेळाची संहिता आणि ग्राहकाचा हक्क
झाशीच्या वेढ्याचे वर्णन करणारा गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली बरेच फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखित टिकले म्हणूनच दत्तो वामन पोतदार १९६६ साली मूळाबरहुकूम संहिता देऊ शकले. 'फेट/ग्रँड ऑर्डर' (२०१५) या जपानी ऑनलाइन खेळातही झाशीची राणी हे पात्र आहे. मात्र कंपनीच्या सर्व्हरविना तो चालत नाही. सर्व्हर बंद झाल्यावर अभ्यासकाने राणीच्या या रूपाची गोडसे भटजींच्या लक्ष्मीबाईंशी तुलना कशी करावी? ही भीती काल्पनिक नव्हे. २०१४ चा 'द क्रू' ३१ मार्च २०२४ रोजी बंद पडला आणि पैसे मोजून घेतलेली तबकडीही निरुपयोगी ठरली. खेळ बंद करताना तो सर्व्हरविना चालेल अशी सोय द्यावी, ही त्यानंतर पुढे आलेली ग्राहकांची मागणी ग्रंथालयांनीही उचलून धरावयास हवी.